शेवंतीने उडवलेले सारस

“चित्र,” संगणक म्हणाला आणि गप्प बसला.

शेवंतीने खालच्या बाणाची कळ दाबली.

“चित्र.”

तिने वरच्या बाणाची दाबली.

“चित्र.”

“अरे, पण कसलं चित्र? पुढे बोल ना!” ती वैतागून म्हणाली. संगणकाला मात्र त्याहून जास्त काही ठाऊक नव्हतं.

शेवंती कटरे अकरा वर्षांची होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. संगणक ती कानांनी चालवायची. त्यासाठी तिच्या संगणकात स्क्रीन रीडर (पडद्यावर लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) होता. तिच्या आजोबांनी, म्हणजे आबाजींनी, त्याचं नाव पोपट ठेवलं होतं. शेवंतीने त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की आबाजींना त्यातलं अक्षर कळायचं नाही. “हा बोलतोय की मळणीयंत्रातून धान पडतंय?” असं ते विचारायचे.

पोपट शब्द वाचायचा, बटणांची नावं वाचायचा, आकडे वाचायचा. पण जिथे शब्दच नाहीत, नुसती रेघ आणि वळणं आहेत, तिथे तो “चित्र” एवढं म्हणून मोकळा व्हायचा. आणि शेवंतीचं काम नेमकं त्या चित्रापाशी येऊन अडलं होतं.

काम आईसाठी होतं.

शेवंतीची आई, यमुना, चंद्रावर होती. तेव्हा चंद्रावर माणसं राहायला लागून फार काळ झाला नव्हता. एक छोटी वस्ती होती आणि तिथल्या जमिनीखालच्या बर्फातून पिण्याचं पाणी काढणाऱ्या अभियंत्यांमध्ये यमुना होती. ती दिवाळीला परत यायची होती. पण तिला आणणाऱ्या यानात बिघाड निघाला आणि तिचं येणं थेट उन्हाळ्यापर्यंत पुढे गेलं. शेवंतीचे बाबा नागपूरला नोकरीला होते आणि रविवारी यायचे. एरवी गोंदिया जिल्ह्यातल्या त्या गावात, धानाच्या शेतांना लागून असलेल्या घरात, शेवंती आणि आबाजी दोघंच असायचे.

गेल्या आठवड्यात आईशी बोलणं झालं होतं. चंद्रापर्यंत आवाज पोचायला सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि उत्तर यायला तेवढाच. त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर दोघींना थांबावं लागायचं. त्या दिवशी आई जरा जास्तच थांबत होती.

“इथे हवा शुद्ध करणारे पंखे सारखे चालू असतात गं,” आई म्हणाली होती. “घरघर सगळीकडून येते, त्यामुळे ती कुठून येते ते कळतच नाही. काल मी डोळे मिटून मनातल्या मनात आपल्या शेताच्या धुऱ्यावर जाऊन उभी राहिले. सारसांची जोडी आठवली. त्यांची हाकही आठवली. पण ते कुठून येऊन कुठे जायचे, तेच आठवेना.”

मग ती हसली होती. आईची सगळी हसणी शेवंतीला ओळखू यायची. हे हसणं खरं नव्हतं.

सारस म्हणजे माणसाएवढा उंच, राखाडी अंगाचा आणि लाल डोक्याचा पक्षी. धानाच्या शेतात तो जोडीने राहतो आणि त्याची हाक तुतारीसारखी दूरवर जाते. शेवंती लहान असताना सकाळी सारस डोक्यावरून जायला लागले की आई तिला घेऊन धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभी राहायची. मागून तिचे दोन्ही खांदे धरायची आणि पक्षी जसे पुढे सरकतील तसं तिला हळूहळू फिरवायची, म्हणजे शेवंतीचं तोंड कायम पक्ष्यांकडेच राहायचं. सारस डावीकडच्या तळ्याकडून येऊन उजवीकडच्या नदीकडे जातात हे शेवंतीला अंगानेच पाठ झालं होतं. आणि आईला ते आठवत नव्हतं!

चंद्रवस्तीत रोज जेवणानंतर गोल दालनात कुणा एकाच्या घरून आलेला आवाज ऐकवत. दालनात चारी बाजूंना स्पीकर होते. या रविवारी यमुनाच्या घरची पाळी होती. शेवंतीने ठरवलं, आईच्या डोक्यावरून सारस उडवायचे.

तिच्याकडे सारसांचा एक आवाज होता. तळ्याच्या काठी उभी असलेली जोडी हाका देत होती तेव्हा तिने तो टिपला होता. पंखांचा आवाज तिने घरीच केला. दोन सुपांनी एकदम वारा घातला की हुबेहूब मोठ्या पंखांची फडफड वाटायची. पण हे सगळे आवाज एका जागी उभे होते. त्यांना उडवायचं कसं?

ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीत ‘आपोआप रचना’ नावाचं एक बटण होतं. ते दाबून शेवंतीने सांगितलं, “पक्षी डावीकडून उजवीकडे ने.” डोळ्याचं पातं लवायच्या आत काम तयार झालं. तिने आबाजींना हाक मारून ऐकवलं.

आबाजी शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, “हा सारस आहे की एसटी?”

शेवंतीला हसू आलं, पण ते लगेच विरलं. आबाजींचं बरोबर होतं. एकाच चालीने येणारा आणि एकाच चालीने जाणारा तो आवाज पक्ष्याचा वाटतच नव्हता.

आबाजी, म्हणजे डॉ. भाऊलाल टेंभरे, यमुनाचे वडील. ते ध्वनिशास्त्रज्ञ होते. मंगळावरच्या विरळ हवेतला वारा टिपणारे मायक्रोफोन बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते खुर्ची ओढून संगणकासमोर बसले.

“सरक बरं जरा. मी करतो.”

त्यांनी माउस हातात घेतला. शेवंतीला माउसची सरसर ऐकू येत होती. पोपट ज्याला ‘चित्र’ म्हणत होता त्यावर आबाजी भराभर काहीतरी ओढत होते. थोड्या वेळाने त्यांनी आवाज सुरू केला. सारस लांबून आले, जवळ आले, निघून गेले. आधीच्यापेक्षा कितीतरी चांगलं झालं होतं.

शेवंती टेबलाची कड बोटाने खरवडत राहिली.

“का गं? नाही आवडलं?”

“छान झालंय.”

“मग तोंड का असं?”

“आबाजी, आई विचारेल, कसं केलंस? मग मी तिला काय सांगू? आबाजींनी काहीतरी ओढलं?”

आबाजींनी माउस बाजूला ठेवला. त्यांना वाईट वाटलं की काय, असं शेवंतीला वाटून गेलं. पण ते शांतपणे म्हणाले, “खरं आहे तुझं. हे माझे सारस झाले. पुसून टाकू?”

“टाका,” शेवंती म्हणाली. “आणि मला सांगा, त्या चित्रात आहे तरी काय?”

आबाजी उठले आणि आतून थर्माकोलचा एक तुकडा, टाचण्यांची डबी आणि लोकरीचा गुंडा घेऊन आले.

“हे बघ. थर्माकोलची ही खालची कड म्हणजे वेळ. डाव्या टोकाला आवाज सुरू होतो, उजव्या टोकाला संपतो. कळलं? आता टाचणी जितकी वर, तितका आवाज मोठा. जितकी खाली, तितका लहान.” त्यांनी एक टाचणी डावीकडे खाली टोचली, दुसरी मधोमध वर टोचली, तिसरी उजवीकडे खाली. मग तिन्हींना लोकर गुंडाळून ताणली. “फिरव बोट.”

शेवंतीने लोकरीवरून बोट फिरवलं. ते चढत वर गेलं आणि उतरत खाली आलं.

“डोंगर आहे!”

“आवाजाचा डोंगर. आवाज वाजत असताना कुणीतरी अदृश्य हाताने त्याचं बटण फिरवत राहावं, तसं संगणक ही लोकर बघत बघत बटण फिरवतो. लोकर चढली की आवाज वाढवतो, उतरली की कमी करतो. याला म्हणतात ऑटोमेशन (ठरवून दिलेले बदल यंत्राने वेळच्या वेळी आपोआप करणं). कुठे काय व्हायचं ते आपण ठरवायचं. लक्षात ठेवून दरवेळी तसंच करायचं काम यंत्राचं.”

“आणि हे फक्त आवाजाच्या लहानमोठेपणालाच लागू?”

“छे! ज्याला ज्याला बटण आहे, त्या प्रत्येकाला आपली आपली लोकर. कुठल्याही इफेक्टला (आवाजावर करायच्या संस्काराला).”

शेवंतीचं बोट टाचणीच्या टोपीवर थांबलं. “आबाजी, लोकरीला नाव नाही. पण टाचणीला आहे ना? म्हणजे, टाचणी कुठे आहे ते आकड्यात सांगता येईल. आणि आकडा तर पोपटाला वाचता येतो!”

“येतो की,” आबाजी म्हणाले. “पण तो टाचण्यांपाशी जातच नाही. चित्राच्या दारातूनच परत फिरतो.”

“मग दुसरं दार शोधू.”

दोघं शोधायला बसली. आबाजींना प्रणालीत काय काय असायला हवं ते माहीत होतं. पोपटाला कुठून कुठे न्यायचं ते शेवंतीला माहीत होतं. आबाजी सांगायचे, “बिंदूंबद्दल काही आहे का बघ,” आणि शेवंतीची बोटं मेन्यूमधून धावायची. पोपट बडबडत होता, शेवंती मान हलवत होती. मग एकदम तिने पोपटाला थांबवलं.

“‘पुढच्या बिंदूवर जा’! आबाजी, आहे! ‘मागच्या बिंदूवर जा’ पण आहे. ‘इथे बिंदू ठेवा’ पण आहे!”

तिने आवाज चौथ्या सेकंदावर नेला, बिंदू ठेवला, बाणाने त्याची उंची कमी केली आणि श्वास रोखून विचारलं. पोपट म्हणाला, “बिंदू. चार सेकंद. आवाज वीस टक्के.”

शेवंतीने आबाजींचा हात गच्च दाबला. ती टाचणी तिने स्वतः टोचली होती.

मग तिने आबाजींच्या थर्माकोलवरचा डोंगर जसाच्या तसा बिंदूंनी उभा केला आणि ऐकलं. तिचा चेहरा पडला.

“पुन्हा एसटी.”

“हं.” आबाजींनी हनुवटी खाजवली. “कारण हा डोंगर मी अंदाजाने काढला. खरा पक्षी असा येत नसेल. कसा येतो, ते मोजायला हवं. पण सारस काही आपल्या सांगण्याने उडायचे नाहीत.”

थोड्या वेळाने ते म्हणाले, “चल. मीच सारस बनतो.”

ऊन उतरलं होतं. आबाजींनी शेजारच्या गोठ्यातून गाईच्या गळ्यातली घंटी मागून आणली. धुऱ्याच्या मधोमध एक दगड होता, त्यावर शेवंतीला बसवलं आणि थर्माकोल तिच्या मांडीवर ठेवला.

“मी त्या टोकापासून घंटी वाजवत येतो. ठरावीक पावलं झाली की थांबेन. तू ऐकायचं आणि आवाज जेवढा मोठा, तेवढी वर टाचणी टोचायची. पुढची टाचणी बोटभर उजवीकडे.”

“तुमचा गुडघा दुखेल.”

“सारसाचा गुडघा कधी दुखतो का?”

आबाजींची पावलं दूर गेली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग लांबून, अगदी डावीकडून, घंटी वाजली. शेवंतीने टाचणी टोचली. आबाजी थोडं चालून थांबले. पुन्हा घंटी. तिला फारसा फरक वाटला नाही. पुन्हा थोडं चालले. तरीही जवळजवळ तेवढंच. तिला वाटलं, आबाजी चालतायत की जागीच उभे आहेत? पण मग घंटी अचानक वाढली. पुढच्या वेळी त्याहून वाढली. आणि मग घण्णकन तिच्या कानाशी आली, डावीकडून उजवीकडे झरकन सरकली आणि पाहता पाहता लांब गेली. लांब गेल्यावर पुन्हा तेच, किती वेळ नुसती बारीक बारीक.

आबाजी धापा टाकत परत आले. शेवंती टाचण्यांवरून बोटं फिरवत होती.

“हा डोंगर नाहीच, आबाजी! हे तर सपाट शेतातलं वारूळ आहे. लांबवर काहीच नाही आणि मध्येच उभं.”

“असं का झालं असेल, सांग बरं?” आबाजी तिच्याशेजारी दगडावर टेकले. “मी शंभर पावलांवर होतो. दहा पावलं चाललो. किती उरली?”

“नव्वद.”

“म्हणजे अंतर थोडंसंच कमी झालं. तुझ्या कानाला ते जाणवतही नाही. आता मी वीस पावलांवर आहे. तीच दहा पावलं चाललो, तर?”

“दहा उरली. म्हणजे… अंतर निम्मं झालं!”

“पावलं तेवढीच. पण लांब असताना त्यांची किंमत थोडी आणि जवळ आल्यावर खूप. म्हणून येणारी कुठलीही गोष्ट आधी रेंगाळल्यासारखी वाटते आणि मग एकदम येऊन पोचते.”

शेवंती विचारात पडली. “अजून एक. घंटी लांब होती तेव्हा तिच्यातलं ‘किण’ नव्हतं. नुसतं ‘टण’ होतं. जवळ आल्यावर ‘किण’ आलं.”

“शाबास!” आबाजींनी तिच्या पाठीवर थाप दिली. “बारीक, तीक्ष्ण आवाज हवेत लवकर विरतात. जाडे आवाज लांबपर्यंत टिकतात. त्याच्यासाठी आपल्याकडे फिल्टर (आवाजातला काही भाग अडवणारी चाळणी) आहे. सारस लांब असताना चाळणी बारीक ठेवायची, जवळ आले की उघडायची. आणि डावं-उजवं करायला पॅन (आवाज दोन कानांत कमी-जास्त वाटून देण्याचं बटण).”

“म्हणजे तीन लोकरी.”

“तीन लोकरी.”

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर शेवंती कामाला लागली. थर्माकोलवरच्या टाचण्या बोटांनी वाचत तिने आवाजाचे बिंदू एकेक करून संगणकात ठेवले. मग चाळणीचे ठेवले. पॅन मात्र तिला आकड्यांनी ठेवावंसं वाटेना. ते तिच्या खांद्यांना माहीत होतं. आवाज चालू असताना ती हळूहळू वळत जाईल आणि तसंच बाणाच्या कळीने बटण सरकवत जाईल, असं तिने ठरवलं. प्रणालीत तशी सोय होती. ‘लेखन’ नावाची स्थिती सुरू केली की आवाज वाजताना तुम्ही जे बटण जसं फिरवाल तसं ते टिपलं जायचं.

पहिल्याच प्रयत्नाला पोपट मध्ये पडला. “डावा नव्वद, डावा अठ्ठ्याऐंशी, डावा शहाऐंशी…” सारस बिचारे त्याच्या बडबडीखाली दबून गेले.

“आधी तू गप्प बस,” असं म्हणून शेवंतीने वाजताना पोपट बंद ठेवला आणि थांबल्यावरच चालू केला. दुसऱ्या खेपेला सारस झटके देत सरकले, जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखे. पोपटाला विचारल्यावर कारण कळलं. कळ जितक्या वेळा दाबली तितके बिंदू पडले होते आणि दर दोन बिंदूंत एक पायरी झाली होती. तिने मधले पुष्कळ बिंदू काढून टाकले. उरलेल्यांमधली लोकर सरळ ताणली गेली आणि सारस अलगद तरंगायला लागले.

तिला इतका आनंद झाला की तिने काम जतन केलं, प्रणाली बंद केली आणि आबाजींना बोलवायला धावली. आबाजी येऊन बसले. तिने प्रणाली उघडून मोठ्या ऐटीत आवाज सुरू केला. सारस डावीकडून येतील म्हणून दोघं कान देऊन बसले.

सारस आले. पण लांबून नाहीत, जवळून नाहीत. मधोमध उभे राहून ओरडले आणि ओरडतच राहिले.

शेवंतीने पोपटाला विचारलं. पोपट म्हणाला, “बिंदू नाहीत.”

तिने दुसरी लोकर विचारली. “बिंदू नाहीत.” तिसरी. “बिंदू नाहीत.” काही बिघडलं असेल म्हणून तिने प्रणाली बंद करून पुन्हा उघडली, पण त्या गडबडीत झालेला बदलही जतन झाला.

शेवंतीला रडू फुटलं. “सगळं गेलं. मी काहीच केलं नव्हतं, आबाजी. मी फक्त ऐकायला लावलं होतं!”

आबाजींनी तिला जवळ घेतलं. तिचं रडू ओसरेपर्यंत ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “‘लेखन’ बंद केलं होतंस का?”

शेवंतीने नाक पुसत मान हलवली. नव्हतं केलं.

“लेखन म्हणजे ओल्या मातीवरून फळी ओढत जाणं. फळी जाईल तिथली जुनी नक्षी बुजते आणि नवी उमटते. तू बटणाला हात लावला नाहीस, तर त्याला वाटलं, हिला आता सगळं सपाटच हवंय. त्याने सपाट केलं. त्यालाही बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.”

“मग काय करायचं असतं?”

“नुसतं ऐकायचं असेल तेव्हा ‘वाचन’. त्यात लोकर वाचली जाते, बदलत नाही. आणि थोडंसंच दुरुस्त करायचं असेल तर ‘स्पर्श’. जोवर बटणाला हात आहे तोवर लिहितं, हात काढला की जुन्या लोकरीवर परत जातं. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. लोकरीच्या नादात राहून गेलं.”

रविवार दोन दिवसांवर आला होता.

“आबाजी, तुम्ही ओढून द्याल का?” ती हळू आवाजात म्हणाली.

त्यांना माउस हातात घ्यावासा वाटत होता. नातीच्या डोळ्यांतलं पाणी बघवत नव्हतं.

“देईन,” ते म्हणाले. “तू सांगशील तर आत्ता देईन. पण एक विचारू? काल तुला ‘पुढचा बिंदू’ शोधायला किती वेळ लागला होता?”

“कितीतरी वेळ गेला होता.”

“आणि आज शोधायला लागला का?”

शेवंतीने डोळे पुसले. थर्माकोल जवळ ओढला. टाचण्या होत्या तिथेच होत्या.

“तुम्ही फक्त इथे बसा,” ती म्हणाली.

आबाजी बसून राहिले. शेवंतीची बोटं एकदा टाचण्यांवर आणि एकदा कळांवर जात होती. काल तिला जे शोधावं लागलं होतं ते आज बोटांना पाठ होतं. आवाज झाला, चाळणी झाली. मग तिने ‘लेखन’ ऐवजी ‘स्पर्श’ लावलं, पोपटाला गप्प केलं आणि उभी राहिली. सारस वाजू लागले. ती सावकाश वळत गेली, तिचा हात कळीवर होता. वळून संपल्यावर तिने सगळ्यात आधी ‘वाचन’ लावलं, मधले जास्तीचे बिंदू काढले आणि पोपटाकडून तीनदा खात्री करून घेतली.

“आता ऐका.”

आबाजींनी डोळे मिटले. दूर डावीकडे काहीतरी जाडंभरडं, अस्पष्ट हाकारलं. बराच वेळ ते तसंच लांब राहिलं. मग हाक उजळत गेली, तिच्यातली तुतारीची धार वर आली, पंखांचा वारा आला आणि दोन मोठे पक्षी दोघांच्या डोक्यांवरून गेले. उजवीकडे लांब, नदीच्या बाजूला, हाक बारीक होत विरली.

आबाजींनी डोळे उघडले तेव्हा ते नकळत उजवीकडे बघत होते.

“एसटी?” शेवंतीने भीत भीत विचारलं.

“नाही गं, बाई,” आबाजी म्हणाले. “एसटी नाही.”

सोमवारी आईचा फोन आला. बाबा मुद्दाम एक दिवस राहिले होते. तिघंही संगणकाभोवती बसले.

“शेवंते!” आई म्हणाली आणि थांबली. यावेळी आवाज पोचायला लागणाऱ्या वेळापेक्षा जास्त थांबली. “ते तळ्याकडून आले आणि नदीकडे गेले. हो ना?”

“हो!”

“माझ्या शेजारी दोर्जे बसला होता. लडाखचा आहे. त्याने आयुष्यात सारस ऐकलेला नाही. तर त्याने चक्क मान खाली घातली, पंख लागतील म्हणून!” आई हसली आणि हे हसणं शेवंतीच्या ओळखीचं होतं, पोटातून आलेलं. “जिकडून ते आले, त्या तळ्याच्या बाजूला तोंड करून मी रात्रभर झोपले. कसं केलंस गं तू हे?”

मग शेवंतीने सांगायला सुरुवात केली. चित्र, पोपट, टाचण्या, लोकर, घंटी, वारूळ, चाळणी, बुजलेली नक्षी. ती वाक्य संपल्यावर थांबायचं विसरली आणि आईचे “अगं बाई” आणि “मग?” भलत्याच ठिकाणी येत राहिले. कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

“मी पण तुला एक आवाज पाठवते,” शेवटी आई म्हणाली. “चंद्रावर बाहेर हवा नाही, त्यामुळे तिथे काही ऐकू येत नाही. पण मी बुटाच्या तळव्याला मायक्रोफोन चिकटवला आणि चालले. जमिनीचा थरथराट आला आहे बघ.”

तो आवाज त्याच संध्याकाळी पोचला. धप्. मग बराच वेळ काही नाही. धप्. चंद्र माणसाला हलक्या हाताने ओढतो, म्हणून तिथलं पाऊल उचललं की खाली यायला वेळ लावतं, हे आबाजींनी सांगितलं. मायक्रोफोन बुटालाच असल्यामुळे प्रत्येक पाऊल सारखंच होतं, ना जवळ येणारं ना लांब जाणारं.

शेवंतीने तो दोनदा ऐकला. मग नवीन ट्रॅक (एका आवाजाची स्वतंत्र पट्टी) उघडला आणि त्याला ‘आई’ असं नाव दिलं. पहिला बिंदू तिने अगदी खाली ठेवला, चाळणी बारीक केली. पुढचे बिंदू बराच वेळ खालीच राहिले. मग ते वर चढू लागले.

आबाजी तिच्या बोटांकडे बघत होते. शेवटचा बिंदू वर पोचल्यावर ते म्हणाले, “आता पलीकडचा उतार.”

“उतार नाही,” शेवंती म्हणाली. “आबाजी, शेवटच्या बिंदूनंतर काहीच ठेवलं नाही तर काय होतं?”

“काही होत नाही. आवाज जिथे पोचला तिथेच राहतो.”

“मग बरोबर आहे.”

तिने ‘वाचन’ लावलं. बाहेर आबाजींच्या धानावरून वारा जात होता. पावलं लांबून निघाली, सावकाश, एकेक करत जवळ आली आणि त्यांच्या अगदी पुढ्यात येऊन थांबली.